बीसीआर-एबीएल चाचणी : रक्त फ्रीझरमध्ये ठेवू नका
(सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, नातेवाईक आणि सॅम्पल पाठवणारी कलेक्शन सेंटर यांच्यासाठी)

“गोळ्या चालू आहेत, काउंटही नॉर्मल आलाय, मग दर तीन महिन्यांनी ही महागडी तपासणी कशाला?” काउंटरवर हे नेहमी विचारलं जातं.

एबीएल हे कायनेज, म्हणजे एक एन्झाइम, सगळ्यांच्याच पेशींत असतं. एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाच्या टायरोसिन या घटकावर बसवायचा, हे त्याचं काम. त्यातून पेशीला वाढीचा निरोप जातो. गरज संपली की ते थांबतं. सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते, एबीएलचं जनुक बीसीआर या जनुकाला चिकटतं आणि हे कायनेज बेलचं बटण आत अडकावं तसं वाजतच राहतं. इमॅटिनिब ही गोळी एटीपीची जागा अडवून त्याला गप्प करते. पण जोडजनुक असलेल्या पेशी थोड्याफार उरतातच, आणि त्या साध्या काउंटमध्ये दिसत नाहीत, या चाचणीत दिसतात. इंटरनॅशनल स्केलवर, म्हणजे सगळ्या प्रयोगशाळांच्या सामाईक मोजपट्टीवर, चाचणीचा आकडा 0.1 टक्का किंवा त्याखाली असला की डॉक्टर निश्चिंत. तो चढू लागला, तर गोळ्या चुकतायत का, की कायनेजमध्येच टी315आयसारखा, गोळीला दाद न देणारा बदल झालाय, हे शोधावं लागतं.

आता आमची खरी डोकेदुखी. शनिवारी संध्याकाळी रक्त काढलं जातं, “खराब होऊ नये” म्हणून फ्रीझरमध्ये जातं आणि सोमवारी कुरिअरला. आम्ही प्रयोगशाळेत मोजतो तो जोडजनुकाचा आरएनए, म्हणजे त्या जनुकाची पेशीतली नक्कल. रक्त गोठलं की पेशी फुटतात आणि आरएनएचे तुकडे होतात. अशी ट्यूब तासभर उभी ठेवली तरी तांबड्या पेशी तळाला बसत नाहीत, सगळं लाल पाणीच.

“आलंय तर लावून टाका ना,” असा आग्रह होतो. लावता येईल, पण आकडा खोटाच कमी येण्याचा धोका असतो, आणि त्यावर रुग्ण तीन महिने निर्धास्त राहतो. म्हणून कंट्रोल जीनच्या (सॅम्पल चांगलं आहे का हे पाहायला मोजतो त्या जनुकाच्या) 10,000 प्रती मिळाल्या नाहीत तर आम्ही रिपोर्ट देत नाही, सॅम्पल पुन्हा मागवतो. उशीर होतो, बोलणी बसतात, ती चालतील.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येच घ्या. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हेपॅरिन पीसीआर ही मोजणीची प्रक्रियाच बिघडवतं. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा आणि 24 तासांत पोचवा. सोमवार ते गुरुवारी काढलेलं उत्तम. आदल्या दिवशी फोन केलात तर जेल पॅकचा डबा आम्ही विनामूल्य पाठवतो. दर वेळी इथेच तपासलंत तर मागचे सगळे आकडे एकाच आलेखावर छापून मिळतात, डॉक्टरांना पटकन अंदाज येतो. उपाशीपोटी यायची गरज नाही, आणि त्या दिवशीची गोळीही नेहमीच्या वेळी घ्या.