छप्पन्न ‘के’चा हिशेब : डायल-अप मोडेमची पार्श्वभूमी

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा ते घरापर्यंत नेण्यासाठी वेगळी वाट अस्तित्वात नव्हती. दूरध्वनीची तांब्याची तार तेवढी होती, आणि ती माणसाच्या बोलण्यापुरती, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यासाठी योजलेली होती. संगणकाचे अंक या पट्ट्यात मावतील अशा सुरांवर चढवायचे आणि पलीकडे पुन्हा उतरवून घ्यायचे, एवढ्यासाठी मोडेम लागत असे. मुंबईत त्याआधीच, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, जुहू आणि पवई येथील दोन संस्थांमध्ये डायल-अपवरून, म्हणजे फोन लावून केलेल्या जोडणीवरून, ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. मात्र ती संशोधकांपुरती राहिली.

तंत्र त्याहून बरेच जुने. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला सेकंदाला ३०० बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक हा एक अंक) मोडेम केवळ चार सुरांवर चालत असे : फोन करणाऱ्या बाजूला शून्यासाठी १०७० आणि एकासाठी १२७० हर्ट्‌झ, तर फोन घेणाऱ्या बाजूला २०२५ आणि २२२५. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच तारेवर एकाच वेळी बोलू शकत. पुढे एकेका बदलात अनेक बिट कोंबण्याची युक्ती साधली आणि तेथून ‘बॉड’ या शब्दाचा घोळ सुरू झाला. बॉड म्हणजे संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो ते. बिटांची संख्या नव्हे. सेकंदाला २४०० बिट नेणारा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडचाच असे, कारण प्रत्येक बदलात चार बिट जात. तरीही दुकानदार आणि जाहिराती सर्रास ‘२४०० बॉड’ असेच म्हणत राहिल्या.

१९९४ मध्ये २८.८ आणि १९९६ मध्ये ३३.६ किलोबिटांपर्यंत मजल गेल्यावर तारेची मर्यादा आली, असे जाणकारांचे मत होते. ते चुकीचे नव्हते. फक्त त्यामागचे गृहीतक बदलले. दूरध्वनी केंद्रे डिजिटल होत होती. तेथे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहिला जाई, म्हणजे एका संभाषणाला ६४,००० बिट. इंटरनेट सेवा देणारा आपल्या बाजूने थेट डिजिटल मार्गाने केंद्राला जोडला गेला, तर अंकांचे सुरात रूपांतर केवळ एकदाच, ग्राहकाच्या केंद्रात होते. मग ग्राहकाच्या मोडेमने केंद्रातून येणाऱ्या विद्युत्‌दाबाच्या पायऱ्याच ओळखायच्या. आठ बिटांच्या २५६ पायऱ्यांपैकी शून्यालगतच्या पायऱ्या इतक्या दाटीने असतात की तारेवरील खरखरीत त्या वेगळ्या कळत नाहीत. म्हणून सुमारे निम्म्या, म्हणजे सात बिटांपुरत्या वापरायच्या. सात गुणिले आठ हजार, छप्पन्न हजार. अमेरिकेत काही नमुन्यांतील एक बिट केंद्रे आपसांतील संकेतांसाठी काढून घेत, हेही त्यामागचे एक कारण होते.

खोक्यावर ‘५६ के’ छापण्याचा निर्णय मात्र ग्राहकाशी सरळ व्यवहार करणारा नव्हता, असेच म्हणावे लागते. हा वेग केवळ येणाऱ्या माहितीचा होता. जाणारी माहिती केंद्रात नव्याने मोजली जात असल्याने ती ३३.६ वरच अडे. अमेरिकेत तर तारेवरील विद्युत्‌शक्तीच्या नियमामुळे ५३ च्या वर जाण्यास परवानगीच नव्हती. त्यात १९९७ मध्ये एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन पद्धती बाजारात आल्या, आणि आपला मोडेम एका पद्धतीचा व सेवा दुसऱ्या पद्धतीची निघाली की ग्राहक पुन्हा ३३.६ वर येई. १९९८ मध्ये व्ही.९० हे समान मानक ठरल्यावर हा तंटा मिटला. उरला तो ‘के’चा गोंधळ : हे किलोबिट होते, तर पडद्यावरच्या खिडकीत दिसणारा आकडा किलोबाइटचा असे, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. त्यामुळे ४५ वर जोडलेल्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम पाच-साडेपाच किलोबाइट उतरत, आणि एक मेगाबाइटच्या फाइलला तीन मिनिटे लागत.

जोडणीच्या वेळी ऐकू येणाऱ्या त्या प्रसिद्ध कर्कश आवाजातही क्रम होता. आधी क्रमांक फिरवला जाई. ज्या जुन्या केंद्रांना सूर कळत नसत, तेथे मोडेमला द्यायच्या आज्ञेत ‘एटीडीटी’ (सुरांनी फिरव) ऐवजी ‘एटीडीपी’ (टकटक करीत फिरव) लिहून टकटक करीत फिरवावा लागे. मग पलीकडून २१०० हर्ट्‌झचा सूर येई. बोलणाऱ्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून लांब पल्ल्याच्या मार्गांवर बसवलेली यंत्रणा त्या सुराने बंद पडे, कारण मोडेमला तीच आड येई. नंतर तार कोठवर साथ देते याची चाचणी, आणि शेवटी एकसारखी खरखर. ती सुरू असताना घरातल्या समांतर फोनचा रिसीव्हर कोणी उचलला, तर सगळे पहिल्यापासून.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना वाट मोकळी झाली, तरी तासांचे शुल्क वेगळे आणि दूरध्वनीचे बिल वेगळे, हा दुहेरी भुर्दंड कायम होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँड म्हणवण्याची किमान मर्यादा ठरवली, जी त्या वेळीही फारच बेताची होती. २०२३ मध्ये ती दोन मेगाबिट झाली. डीएसएल या ब्रॉडबँडच्या पद्धतीने तार तीच ठेवली, पण बोलण्याच्या पट्ट्याच्या वर, साधारण २५ किलोहर्ट्‌झपासून पुढे, माहिती चढवली. त्यामुळे फोन आणि नेट एकत्र चालू लागले, आणि भिंतीवर दोन्ही वेगळे करणाऱ्या फिल्टरची छोटी डबी आली.

आता ऑप्टिकल फायबरच्या टोकाला बसवलेल्या खोक्यालाही घरोघरी मोडेमच म्हणतात. त्याच खोक्याला लँडलाइनचा फोन जोडला असेल, तर ते खोके बोलणे अंकांत बदलून पाठवते. तांब्याच्या तारेवरील फोनला वीज केंद्रातून मिळे. खोक्यावरचा हा फोन मात्र घरची वीज गेली की, इन्व्हर्टर नसेल तर, बंद पडतो.