कासव किंवा साप पाळण्यासाठी नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

कासव किंवा साप घरी ठेवण्यासाठी अर्ज कुठे करायचा, असे विचारणाऱ्याला आधी प्राण्याची जात विचारावी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून, तिच्यानुसार नोंदणी होणार की गुन्हा दाखल होणार, हे बहुतांशी जातीवरूनच ठरते.

नाग, घोणस, धामण, अजगर, स्टार कासव, मऊ पाठीचे कासव अशा आपल्याकडच्या संरक्षित जाती हौसेखातर पाळता येत नाहीत आणि त्यासाठी कोणताही अर्ज नाही. कायद्याच्या अनुसूची १ मधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘हे बाहेरच्या देशातले आहे’ असे विक्रेत्याने सांगितले, म्हणून जबाबदारी टळत नाही. त्यामुळे ओळख स्वतः पटवून घ्यावी. स्टार कासवाच्या पाठीवरील प्रत्येक उंचवट्यातून काळ्या रंगावर पिवळ्या रेषा किरणांसारख्या फाकलेल्या असतात. मऊ पाठीच्या कासवाला उलटे धरले, तर आत ओढलेले मागचे पाय पोटाकडील कातडीच्या झडपांखाली झाकलेले दिसतात. नावावरही विसंबू नये. बर्मी अजगर नावाने परदेशी वाटला तरी तो ईशान्य भारतात आढळतो आणि अनुसूची १ मध्येच मोडतो.

नोंदणी लागू होते ती वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांमधील, म्हणजेच कायद्याच्या अनुसूची ४ मधील परदेशी जातींना. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, सुलकाटा कासव आणि हरमन कासव ही त्यांची नेहमी दिसणारी उदाहरणे. कलम ४९ एम आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात असलेल्या प्रत्येकाने नोंदणी करणे बंधनकारक आहे. आधीपासून प्राणी असलेल्यांना त्यासाठी सहा महिने दिले होते. नव्याने घेणाऱ्याने प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. अर्ज परिवेश २.० या केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे शास्त्रीय नाव, संख्या, लिंग आणि अंदाजे वय ही माहिती हाताशी ठेवावी. सर्वाधिक अडचण येते ती प्राणी कुठून आला हे दाखवताना. खरेदीची पावती, देणाऱ्याच्या नोंदणीची प्रत, भेट मिळाला असल्यास तसे लेखी पत्र, आयात केला असल्यास आयात परवाना व सायटिस परवाना, परदेशी प्राण्यांच्या २०२०-२१ च्या ऐच्छिक घोषणा योजनेत माहिती दिली असल्यास तिची पोच, यांपैकी जे असेल ते स्कॅन करून ठेवावे. पावतीवर नुसते ‘कासव, १ नग’ लिहिलेले असेल, तर ती जवळपास निरुपयोगी समजावी. जातीचे नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. छायाचित्रेही ओळख पटेल अशी हवीत: कासवाची पाठ, पोट आणि डोक्याची बाजू, तर सापाचे डोके वरून आणि अंगावरील नक्षी. हातात धरून हसतमुखाने काढलेल्या फोटोत नेमके हेच झाकले जाते.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. पिल्ले झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावे लागते. सायटिसच्या परिशिष्ट १ मधील जातींचे प्रजनन करायचे असल्यास वेगळा परवाना घ्यावा लागतो.

सायटिसच्या यादीत नसलेल्या जातींना ही नोंदणी लागत नाही, आणि मला खरी फसगत तिथेच दिसते. अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणि डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले रेड-इअर्ड स्लायडर कासव या यादीत नाहीत. हे स्लायडर विकले जाते तेव्हा जेमतेम रुपयाच्या नाण्याहून मोठे असते. पुढे ते २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, वीस-तीस वर्षे जगते आणि त्याला पोहण्याइतके खोल पाणी, ऊन खाण्याची कोरडी जागा व अतिनील किरणांचा दिवा लागतो. कासवांपासून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होतो, म्हणून अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्येच बंदी घातली. सुलकाटाची गोष्ट आणखी कठीण आहे: कागद नीट असले, तरी ४० किलोंच्याही पुढे वाढणाऱ्या आणि जमीन उकरणाऱ्या या प्राण्याला फ्लॅटमध्ये ठेवायचे कुठे, हे अर्जदारालाच ठरवावे लागते. त्या मानाने तीन ते पाच फुटांचा, संथ बॉल पायथन सांभाळायला सोपा. पण तो कित्येक आठवडे अन्न नाकारू शकतो आणि तोही वीस वर्षांहून अधिक जगतो.

सांभाळणे जमेनासे झाले, म्हणून परदेशी कासव देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नये. स्लायडर जिथे रुजते तिथे ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न यांवरून स्थानिक कासवांशी स्पर्धा करते. अशा वेळी, किंवा एखादा देशी प्राणी नकळत घरात आला असल्यास, जवळच्या वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवावे किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि प्राणी ताब्यात देताना पोच घ्यावी.