पार्श्वभूमी : रापणीवरचे हात कसे कमी झाले

यंत्राने रोजगार खाल्ल्याची चर्चा हल्ली संगणकापासून सुरू होते. गोव्यात ती कोलव्या-बाणावलीच्या वाळूवरून सुरू करायला हवी.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडीतून जाळे अर्धगोलात समुद्रात सोडतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसे ओढायला लागतात. चाळीस-पन्नास, मोठ्या रापणीला त्याहून जास्त. मासळी आली की वाटे पडतात. म्हाताऱ्याने किंवा शाळकरी पोराने नुसता दोराला हात लावला तरी चार बांगडे घरी जात.

गोवा १९६१ला मुक्त झाला आणि त्याच दशकात सरकारी कर्ज-अनुदानावर ट्रॉलर, म्हणजे मागे जाळे ओढत नेणाऱ्या यंत्रबोटी, आल्या. मच्छीमाराच्या हाती यंत्र द्यावे, हा हेतू काही वाईट नव्हता. पण कर्जाला तारण लागते, आणि रापणकाराकडे कसले तारण! बऱ्याचशा बोटी गाठीला पैसा असलेल्यांकडे गेल्या. त्यांतले काही तर पिढीजात मच्छीमारही नव्हते. ट्रॉलरला मोजके खलाशी पुरतात. त्याचा डोळा निर्यातीच्या कोळंबीवर, आणि ती मिळते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे रापणीच्याच हद्दीत. पुढे पर्ससीन जाळी आली. ती बांगड्या-तारल्यांची झुंड बाहेरच घेरते. रापणकाराला कामावरून कोणी काढले नाही. ओढलेले जाळे हलके लागू लागले, एवढेच.

सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा हे शिक्षक त्यांचे नेते. किनाऱ्याजवळचा पट्टा आमच्यासाठी राखा, ही मुख्य मागणी. त्यातून १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. पण समुद्रात रेघ कोण मारणार? हद्द कागदावर राहिली आणि भांडण किनाऱ्यावर. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. टिकून राहिलेल्या अनेक रापणकारांनी स्वतःच होडीला मोटर लावली. त्यांना दोष देता येत नाही. पण मोटरीच्या होडीवर तीन-चार माणसे पुरतात, बाकीच्यांना किनाऱ्यावर काम उरत नाही. त्यांची मुले जहाजावर गेली, आखातात गेली, कोणी शॅकवर लागले.

ट्रॉलरवरचे काम तरी गोंयकाराला मिळाले का? १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, तेव्हा मालीम आणि कुटबणच्या जेटीवर बोटी बांधलेल्याच दिसतात. ओडिशा-झारखंडचे खलाशी गावाहून परतायचे असतात.

कोलव्याला एखादी रापण अजून लागते. दोराला पर्यटकही हात लावतात, फोटो होईपर्यंत.