खेळाधारित मूल्यमापन

खेळाधारित मूल्यमापन : विद्यार्थी संगणकावर किंवा टॅबलेटवर शैक्षणिक खेळ खेळत असताना त्याच्या प्रत्येक कृतीची आपोआप नोंद घ्यायची आणि त्या नोंदींवरून त्याला काय येते, कुठे अडते याचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. समोर प्रश्नपत्रिका नसते, वेळ संपल्याची घंटा होत नाही. खेळ हीच परीक्षा असते. अमेरिकेतील संशोधक व्हॅलेरी शूट यांनी २००५ मध्ये तिला ‘स्टेल्थ असेसमेंट’, म्हणजे छुपे मूल्यमापन, हे नाव दिले. नावाला लपवाछपवीचा वास येतो खरा, पण सांगायचे एवढेच असते की प्रश्न विचारण्यासाठी खेळ मध्येच थांबवायचा नाही. नोंद होते आहे हे मुलांना आणि पालकांना आधी सांगितलेलेच बरे.

महाराष्ट्रात २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ‘दैनंदिन निरीक्षण’ हे आकारिक, म्हणजे शिकत असतानाच होणाऱ्या, मूल्यमापनाचे एक तंत्र आहे. शिक्षक मूल काम करताना पाहतो आणि वर्णनात्मक नोंद लिहितो. खेळाची नोंदवही हेच काम करते, पण तिचे डोळे वेगळे. चाळीस मुलांच्या वर्गात नजरेतून सुटलेला तिसरा फसलेला प्रयत्न ती टिपते. मूल तापाने फणफणले आहे किंवा शेजारच्याचे बघून करते आहे, हे मात्र तिला कधीच कळत नाही.

नोंद कशी दिसते

प्रत्येक टिचकीची एक ओळ तयार होते. ‘पीबीएस किड्स मेजर अप’ हे तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लांबी, वजन, धारकता शिकवणारे अमेरिकी अ‍ॅप आहे. त्यातील ओळीत खेळसत्राचा क्रमांक, तारीख-वेळ, सत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, खेळाचे नाव, घटनेचा चार अंकी संकेत आणि कृतीचा तपशील असतो. संकेत २००० म्हणजे सत्र सुरू झाले. संकेत ४१०० म्हणजे मुलाने चाचणीतील उत्तर पक्के केले, आणि ते बरोबर की चूक हे तपशिलात लिहिलेले असते. अपवाद ‘बर्ड मेजरर’ या चाचणीचा : तिथे उत्तराचा संकेत ४११० आहे. हे न वाचता मोजणी करणाऱ्याचे त्या चाचणीचे सगळे निकाल चुकतात. चित्रफितींबाबत तर फक्त सुरुवातीची नोंद होते. मुलाने ती शेवटपर्यंत पाहिली की लगेच बंद केली, हे डेटातून काढण्याचा मार्गच नाही.

पुराव्याची साखळी

टिचकी म्हणजे पुरावा नव्हे. तिला पुरावा कशामुळे म्हणायचे, हे खेळ बांधण्याआधी ठरवावे लागते. त्यासाठी रॉबर्ट मिसलेव्ही, लिंडा स्टाइनबर्ग आणि रसेल आल्मंड यांनी मांडलेली ‘पुरावाकेंद्री आराखडा’ ही चौकट सर्रास वापरतात. तिच्यात मुख्य प्रश्न तीन : मुलाच्या कोणत्या क्षमतेबद्दल बोलायचे आहे? ती असल्याचे कोणत्या वागण्यावरून दिसेल? ते वागणे घडून येईल असा प्रसंग खेळात कोणता ठेवायचा? आधी खेळ तयार करून मग ‘डेटातून काहीतरी निघेल’ अशी वाट पाहिली, तर बहुधा निघते ते एवढेच की जास्त वेळ खेळलेल्यांनी जास्त पातळ्या पार केल्या.

शूट यांच्या गटाच्या ‘फिजिक्स प्लेग्राउंड’ या खेळात ही साखळी उघड दिसते. हिरवा चेंडू लाल फुग्यापर्यंत न्यायचा असतो. त्यासाठी खेळाडू पडद्यावर रेघा ओढून उतार, तरफ, लंबक किंवा उसळफळी तयार करतो, आणि काढलेल्या वस्तूला लगेच वजन येऊन ती पडू-हलू लागते. तरफ काढली का, टेकू कुठे दिला, दुसऱ्या टोकावर पुरेसे वजन टाकले का, एकूण किती वस्तूंत काम झाले, यांतला प्रत्येक मुद्दा बलाघूर्णाच्या, म्हणजे बलाने वस्तू टेकूभोवती कशी फिरते याच्या, समजेचा छोटा पुरावा ठरतो. न सुटलेल्या कोड्यावर मूल किती वेळ टिकले, यावरून चिकाटीचाही अंदाज घेतात. पळवाटही ठरलेली आहे : चेंडूखाली एकावर एक तुकडे रचत त्याला वर ढकलत न्यायचे. फुगा फुटतो, भौतिकी शून्य. म्हणून वस्तूंच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते आणि थोड्या वस्तूंत सोडवणाऱ्याला वरचे पदक द्यावे लागते.

जिथे नियम आधी लिहिता येत नाहीत तिथे माणसांना बसवावे लागते. ‘झूंबिनीज’ या तर्कखेळात पिझ्झावर कोणते पदार्थ हवेत ते राक्षसाच्या होकार-नकारावरून ओळखायचे असते. एक मूल वाट्टेल ते टाकत सुटते. दुसरे एका वेळी एकच पदार्थ बदलून पाहते. टर्क या संस्थेच्या संशोधकांनी खेळाची पुनर्चित्रणे पाहून ‘अंदाजपंचे’, ‘पद्धतशीर चाचणी’ अशा खुणा हाताने केल्या, आणि मग त्या खुणा ओळखायला यंत्राला शिकवले. दोन माणसांच्या खुणाच एकमेकांशी जुळत नसतील, तर यंत्राकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

आकडेमोड

जुने आणि आजही उपयोगी साधन म्हणजे अल्बर्ट कॉर्बेट व जॉन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात मांडलेला ज्ञान-मागोवा. त्यात चारच आकडे लागतात : मुलाला कौशल्य आधीच येत असण्याची शक्यता, एका प्रयत्नात शिकण्याची शक्यता, न येता अंदाजाने बरोबर येण्याची आणि येत असून चुकण्याची. समजा ते अनुक्रमे ०.४, ०.१, ०.२ आणि ०.१ आहेत. मुलाने उत्तर बरोबर दिले, तर ते ‘येत असल्यामुळे’ बरोबर असण्याचा भाग ०.४ × ०.९ = ०.३६, आणि अंदाजाने लागण्याचा ०.६ × ०.२ = ०.१२. म्हणून येत असण्याची शक्यता ०.३६ ÷ ०.४८ = ०.७५. उरलेल्या ०.२५ पैकी एक दशांश याच प्रयत्नात शिकले असे धरले की ०.७७५. चूक उत्तर आले असते, तर हीच शक्यता ०.१७ पर्यंत घसरली असती. आकडा ०.९५ च्या वर गेला की कौशल्य आत्मसात झाले, असे धरण्याचा रिवाज आहे. खेळात अंदाजाची शक्यता प्रत्येक कोड्यागणिक बदलते. दोन दरवाज्यांतून एक निवडायचा असेल तर ती ०.५ असते, तिथे ०.२ ठेवली की मुले भराभर ‘हुशार’ होतात.

लाखो ओळी हाती असल्या की निर्णयवृक्षांवर आधारलेली लाइटजीबीएम, एक्सजीबूस्ट यांसारखी साधने वापरतात. याचे दोन चांगले नमुने कॅगल या संकेतस्थळावरील स्पर्धांमुळे खुले झाले. २०१९ च्या ‘डेटा सायन्स बोल’मध्ये मेजर अपचा डेटा होता : १७,००० उपकरणांवरील सुमारे १ कोटी १३ लाख ओळी. मूल पुढची चाचणी कशी सोडवेल हे आधी सांगायचे होते. पहिल्या प्रयत्नात सुटली तर ३, दुसऱ्यात २, त्याहून जास्त लागले तर १, सुटलीच नाही तर ०. अचूकता मोजताना फरकाचा वर्ग धरला होता, म्हणजे ३ च्या जागी २ सांगितले तर दंड १, आणि ० सांगितले तर ९. प्रशिक्षणाच्या, म्हणजे यंत्राला शिकवायला दिलेल्या, डेटात जवळजवळ निम्मे निकाल ३ चे होते. कोणती चाचणी आहे एवढ्यावरूनही बरेच भाकीत साधत होते, कारण ‘चेस्ट सॉर्टर’ बहुतेकांना जडच जाई. म्हणजे यंत्राची बरीचशी हुशारी मुलाविषयी नव्हती, चाचणीविषयी होती. या विषयातल्या अहवालांत हा फरक झाकलेला राहतो, म्हणून तो आधी विचारावा.

दुसरा नमुना २०२३ चा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील फील्ड डे या गटाच्या ‘जो वाइल्डर अँड द कॅपिटॉल केस’ या इतिहासशोधाच्या खेळात ० ते २२ अशा पातळ्या असून ४, १२ आणि २२ व्या पातळीनंतर मिळून १८ प्रश्न येतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सगळ्यांचे बरोबर येते, तेराव्याचे बहुतेकांचे चुकते. स्पर्धेत साध्या संगणकावर चालणाऱ्या हलक्या प्रारूपांसाठी, म्हणजे भाकीत करणाऱ्या छोट्या आज्ञावल्यांसाठी, वेगळे बक्षीस होते. शाळेतल्या जुन्या यंत्रांचा विचार केला तर तेच जास्त कामाचे.

काय बिघडते

सर्वांत वारंवार होणारी चूक डेटा विभागण्यात होते. एकाच मुलाच्या काही ओळी प्रशिक्षणात आणि काही तपासणीत गेल्या, तर प्रारूप कौशल्याऐवजी त्या मुलालाच ओळखते आणि अचूकता फुगते. म्हणून विभागणी ओळींची न करता मुलांची करावी. शाळा वेगवेगळ्या असतील तर शाळांची. भाकीत ज्या क्षणी करायचे त्यानंतरची एकही ओळ आत येऊ देऊ नये.

वेळही फसवी असते. जेवायला गेलेल्या मुलाचा टॅबलेट चालूच राहतो आणि ‘विचार करण्यासाठी’ चाळीस मिनिटे नोंदली जातात. दोन कृतींमधील अंतराला कमाल मर्यादा घालतात, किंवा सरासरीऐवजी मध्यक घेतात. उपकरण एक आणि भावंडे दोन असली की नोंद एकाच नावावर साचते. माउसची सवय नसलेले मूल चुकीच्या जागी टिचकी मारते, सूचना परक्या भाषेत असतील तर गणित येणारे मूलही अडखळते, आणि नोंदीत दोन्ही ‘चूक’ म्हणूनच दिसतात. त्यामुळे मोजण्याआधी पाचेक मिनिटांची सरावपातळी ठेवतात आणि तिची नोंद हिशेबातून वगळतात. खेळातील गुण त्याच कौशल्याच्या कागदी किंवा तोंडी चाचणीशी ताडून पाहणे तर अटळच. ताळा बसला नाही, तर दोष खेळात आहे असे धरून तपासणी सुरू करावी.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल ठरतो. त्याचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास कलम ९ मनाई करते. सरकारने ठरवलेल्या प्रकारच्या संस्थांना किंवा कारणांनाच त्यातून सूट मिळू शकते. खेळाची नोंद हा वर्तनाचाच माग असल्याने हा मुद्दा प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी निकाली काढावा लागतो.

वर्गात या निकालांचा उपयोग क्रमवारी लावण्यासाठी करू नये. एका सत्रातला अंदाज त्यासाठी फारच डळमळीत असतो. शिक्षकाच्या पडद्यावर टक्के दाखवण्यापेक्षा ‘ही चार मुले तराजूच्या कोड्यात तीनपेक्षा जास्त वेळा अडली, आणि दर वेळी जड बाजूलाच वजन टाकत होती’ अशी ओळ दाखवली, तर तो त्या चौघांना घेऊन बसतो आणि खरा तराजू, दोन-चार खडे पुढे ठेवून तेच करून पाहायला सांगतो.