वळसा वाढला की सोय वाढते?

'सांगली-मिरज बस वाटेतल्या विश्रामबागच्या आतल्या कॉलन्यांतून फिरवली की सगळ्यांचीच सोय', असा मेसेज फिरत असतो. ऐकायला पटतो, गणित वेगळं आहे.

समजा, जायला ४० मिनिटं, यायला ४०, दोन्ही टोकांना ५-५ मिनिटांची उसंत. फेरा ९० मिनिटांचा. गाड्या ३, म्हणजे दर ३० मिनिटांनी एक. जाता-येता १५-१५ मिनिटांचा वळसा घातला की फेरा १२०चा. त्याच ३ गाड्या आता ४० मिनिटांनी येतात. त्यात वेळ वाचवायला टोकावरची उसंत कापली, तर सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत मागे लागतो.

म्हणून मार्ग सरळ ठेवून थांबा कॉलनीच्या तोंडाशी आणलेला बरा; ४०० मीटर म्हणजे पाचेक मिनिटांची चाल. (गुडघे दुखणाऱ्यांना तीही जास्तच, हे खरं.)

पडताळायचंय? गाडीचा नंबर टिपा. तीच गाडी त्याच दिशेने पुन्हा येईपर्यंतच्या मिनिटांना मार्गावरच्या गाड्यांच्या संख्येने भागा; गाडी दर किती मिनिटांनी येते, ते कळेल.