खलाशी पकडून नेले, तरी ते युद्ध का ठरत नाही?

१३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझजवळ इराणी कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून ‘एमएससी एरीज’ या मालवाहू जहाजाच्या कंटेनरांवर उतरले आणि जहाज ताब्यात घेतलं. जहाज आपल्या न्हावा शेव्याकडे निघालं होतं. २५ जणांत १७ भारतीय, आणि झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, पोर्तुगालचा. भारताने याला युद्ध म्हटलं नाही, पोर्तुगालनेही नाही. नेरूळ-बेलापुरात ज्यांच्या घरचं कुणी जहाजावर असतं, त्यांना हे पटणं अवघडच.

वाद जुना आहे. २२ जून १८०७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौका ‘लेपर्ड’ने अमेरिकेच्या ‘चेसापीक’वर तोफा डागल्या आणि आपल्या नौदलातले पळपुटे म्हणून चार खलाशी उतरवून नेले. ‘चेसापीक’ युद्धनौका होती, म्हणजे घाव थेट सरकारवर. तरी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी आधी व्यापार बंद केला. युद्ध पुकारलं गेलं ते १८१२ मध्ये, आणि खलाशांची धरपकड हे त्याचं एक मोठं कारण होतं. ते युद्ध मिटवणाऱ्या १८१४ च्या घेंटच्या तहात मात्र या धरपकडीचा उल्लेखसुद्धा नाही.

तेव्हा युद्ध म्हणजे जाहीर केलेलं युद्ध. युद्धातल्या वागणुकीचे नियम ठरवणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ती अट काढली. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू, मग एखाद्याने युद्ध मानलं नाही तरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये रशियाने केर्च सामुद्रधुनीजवळ युक्रेनच्या ३ नौदल नौका आणि २४ जण पकडले. युक्रेनने त्यांना युद्धकैदी म्हटलं, रशियाने बेकायदा सीमा ओलांडल्याचे गुन्हे लावले. इथे शब्दाला फार किंमत आहे: नुसतं लढल्याबद्दल युद्धकैद्यावर खटला भरता येत नाही, गुन्हेगारावर भरता येतो. हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने २५ मे २०१९ रोजी सुटकेचा आदेश दिला. माणसं सुटली सप्टेंबरात, कैद्यांच्या अदलाबदलीत.

व्यापारी जहाजाचं गणित वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी करारानुसार खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार झेंड्याच्या देशाचा. खलाशाच्या देशाच्या हाती मुख्यतः वकिलातीमार्फत भेट आणि पाठपुरावा उरतो. संयुक्त राष्ट्रांनी १९७४ मध्ये आक्रमणाची व्याख्या केली, तिच्यात दुसऱ्या देशाच्या सागरी ताफ्यावरचा हल्ला येतो. पण एकट्या मालवाहू जहाजाला ताफा म्हणणं कठीण. ‘एमएससी एरीज’ची जप्ती ही चाचेगिरीही नव्हे, कारण चाचा खासगी हेतूने लुटतो आणि हे तर सरकारी सैनिक.

या फटीत पगार अडकतो. खलाशांचे हक्क ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार (लागू २६ डिसेंबर २०२० पासून) चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी डांबलं तर सुटेपर्यंत पगार चालू राहतो. सरकारने डांबलं तर ते कलम थेट लागत नाही. जहाजाच्या विम्यात अशी जप्ती युद्धजोखमीतच धरतात, पण ती भरपाई मालकाची. म्हणून मॅनिंग एजंटकडे (खलाशांची भरती करणाऱ्याकडे) एग्रीमेंटवर सही करताना आरपीएसएल नंबरासोबत (एजंटच्या भरती परवान्याच्या क्रमांकासोबत) एवढं पाहावं: झेंडा कोणता, पगार देणारा मालक कोण, आणि परक्या सरकारने जहाज अडकवलं तर पगार कुठपर्यंत. शेवटचं लिहिलेलं नसेल, तर सहीआधी लिहून मागावं.