क्लबच्या लेनवरचे नियम आले कुठून? गोव्यातल्या पिस्तूल नेमबाजीची पार्श्वभूमी

गोव्यात क्लब पातळीवर पिस्तुलाची स्पर्धा असली की एक प्रश्न हमखास निघतो. भाग घेणारे मोजके, त्यातले बरेच शाळा-कॉलेजातले, बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. मग ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, तपासायलाच हवं का? वेळ संपली तरी राहिलेले दोन शॉट मारू द्यायला काय हरकत आहे? कुणाच्या पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर गळायला लागला तर दहा मिनिटं वाढवून द्यायची की नाही? ‘आपलीच पोरं आहेत, चालायचंच’ असं म्हणणारे सगळे चांगल्या मनाचे असतात. तरीही माझं मत स्पष्ट आहे: चालवून घेऊ नये. नियमपुस्तकातली बहुतेक कलमं कुठल्यातरी स्पर्धेत कुणावर तरी अन्याय झाला, निदान वाद झाला, म्हणून आलेली आहेत. तो इतिहास माहीत असला की ही कलमं जाचक वाटत नाहीत.

सुरुवात पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून करावी लागते. 1896 साली अथेन्सला अमेरिकेतून जॉन आणि समनर पेन हे दोन भाऊ आले. 25 मीटर लष्करी पिस्तुलात जॉन पहिला आला, समनर दुसरा. 30 मीटरच्या फ्री पिस्तुलात समनर जिंकला. पण 25 मीटर रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या झाडायच्या प्रकारात, दोघांना उतरूच दिलं नाही, कारण त्यांची पिस्तुलं नेहमीच्या कॅलिबरची (नळीच्या आतल्या व्यासाची) नव्हती. म्हणजे स्पर्धेआधी हत्यार तपासायचं आणि नियमात बसत नसेल तर बाहेर ठेवायचं, ही पद्धत या खेळात पहिल्या ऑलिंपिकपासून आहे. नेमबाज कितीही तरबेज असला तरी त्याच्या हातातलं पिस्तूल इतरांच्या तोडीचंच असलं पाहिजे.

त्या काळी ‘नेहमीचं’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र जो तो देश आपापल्या पद्धतीने ठरवत होता. अंतरं वेगळी, टार्गेटं वेगळी, शॉटची संख्या वेगळी. 1907 साली झुरिचमध्ये आठ देशांच्या संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना स्थापन केली. तिचं आजचं नाव आयएसएसएफ. ते 1998 पासूनचं. या संघटनेचं सगळ्यात मोठं काम कोणतं म्हणाल तर एका गावातले 560 गुण आणि दुसऱ्या गावातले 560 गुण हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील अशी व्यवस्था उभी करणं. या खेळात प्रतिस्पर्धी समोर नसतो. तो शेजारच्या लेनवर असतो, किंवा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या दिवशी त्याच अंतरावरून तसंच टार्गेट मारत असतो. मधला दुवा फक्त नियमांचा.

काही नियमांत जुना काळ अजून दिसतो. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, मनगट मोकळं हवं, मनगटाला आधार देणारं काही बांधायचं नाही. घोडदळाच्या आणि द्वंद्वयुद्धाच्या काळात पिस्तूल एका हातानेच चालवत, तीच ढब खेळात उतरली आणि टिकली. उलट काही गोष्टी खेळाने मुद्दाम टाकून दिल्या. रॅपिड फायरमध्ये पूर्वी माणसाच्या आकृतीची टार्गेटं असत. 1988 च्या सोल ऑलिंपिकनंतर ती जाऊन गोल टार्गेटं आली. माणसावर नेम धरण्याची आठवणही या खेळात नको, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. घरी मुलांच्या हाती एअर पिस्तूल देताना आई-वडिलांना जो धीर लागतो, त्यात या बदलाचा वाटा आहे.

गोव्यातल्या क्लबांसाठी त्याच सोल ऑलिंपिकमधला आणखी एक बदल जास्त महत्त्वाचा ठरला. 10 मीटर एअर पिस्तूल तिथे पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. जागतिक स्पर्धेत ते 1970 पासून होतंच. दारूगोळा नको, मोठी उघडी रेंज नको. एखादा लांबट हॉल, नीट प्रकाश आणि मागे छर्रे अडवणारी भक्कम सोय असली की काम सुरू. आज देशभर लहान गावांतून जे पिस्तूल नेमबाज तयार होतात, ते बहुतेक याच दाराने आत आलेले आहेत.

भारतात राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. रत्नागिरी जिल्ह्यातलं मावळंगे हे त्यांचं मूळ गाव, कर्मभूमी अहमदाबाद. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, याचं काहींना आश्चर्य वाटतं. मला ते अगदी साहजिक वाटतं. सभागृहात नियम सर्वांना सारखा लावण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांच्याकडे हे काम जाणं योग्यच होतं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेत पोचण्याची पायरी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नेमबाजांच्या ओळखीची आहे. गोव्यातला मुलगा ‘यंदा मावळंकर खेळतो’ म्हणतो तेव्हा ते नाव कुणाचं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

1951 साली गोवा मात्र भारतात नव्हता. ब्रिटिश अमलाखालच्या शहरांतून आणि संस्थानांतून रायफल क्लबांची जी परंपरा आली, तिच्या बाहेरच गोवा राहिला. 19 डिसेंबर 1961 ला मुक्ती मिळाली आणि त्यानंतर भारतीय कायदे इथे लागू होत गेले. शस्त्र म्हटलं की गोव्याच्या खेड्यात आजही पहिल्यांदा आठवते ती शेतीराखणीची बंदूक. सत्तरी, सांगे, काणकोण भागात रानडुकरं आणि माकडं पीक नासतात म्हणून परवान्याने ठेवलेली. तिच्या जोडीने शिकारही चाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो रस्ता बंद केला आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे बंदूक हाताळण्याचं जे घरगुती शिक्षण आजोबा-नातवांत चालायचं, तेही आटलं. त्या शिक्षणात धाक होता, जपणूक होती. लिखित नियम नव्हते. क्लबच्या लेनवर नेमकी ती उणीव भरून निघते.

1987 साली घटकराज्य झाल्यावर गोव्याचे खेळाडू स्वतंत्र राज्याच्या नावाने मैदानात उतरू लागले. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं यजमानपद गोव्याला मिळालं. नेमबाजी त्यातल्या खेळांपैकी एक होती. अशा स्पर्धांपर्यंतची वाट क्लब, जिल्हा, राज्य, मग मावळंकर किंवा विभागीय पूर्वराष्ट्रीय स्पर्धा अशी जाते, आणि वरच्या प्रत्येक टप्प्याला ठरावीक पात्रता गुण लागतात. क्लबातल्या ढिलाईची किंमत पोरांना याच वाटेवर चुकवावी लागते.

ट्रिगरच्या वजनाचंच उदाहरण पाहू. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेलता आलं पाहिजे. 25 मीटरच्या पिस्तुलाला हीच मर्यादा 1000 ग्रॅमची. तपासणी अगदी साधी असते. पिस्तुलात हवा भरून ते चार्ज करतात, नळी सरळ वर उभी धरतात, ट्रिगरच्या मधोमध वजनाचा आकडा अडकवतात आणि टेबलावरचं वजन हळूहळू उचलतात. वजन टेबलावरून सुटलं आणि ट्रिगर सुटला नाही, की पास. तीनदा प्रयत्न करता येतो. दिसायला किरकोळ. पण 480 ग्रॅमवर सुटणारा ट्रिगर ज्याच्या बोटात वर्षभर बसला, त्याला परराज्यातल्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर पिस्तूल घट्ट करून घ्यावं लागतं, आणि अर्ध्या तासाने त्याच पिस्तुलाने साठ शॉट मारायचे असतात. बोट जुन्या जागी दाबतं, शॉट उशिरा सुटतो, आठ-नऊचे शॉट पडू लागतात. क्लबात अशा पोरावर उपकार केला असं वाटलेलं असतं. खरं तर त्याचं वर्ष वाया घालवलेलं असतं. शिवाय मोठ्या स्पर्धेत मॅच संपल्यावरही काही पिस्तुलं तपासायला बोलावतात. तिथे वजन कमी भरलं तर खेळाडू थेट बाद.

सिलिंडरचंही तसंच. दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि ती पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. जुनी पिस्तुलं हातोहात फिरतात अशा क्लबांत सिलिंडरवरची तारीख वाचण्याची सवय लावलीच पाहिजे. इथे प्रश्न गुणांचा नाही, जीवाचा आहे. रिकाम्या पिस्तुलात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालणं, लेनच्या पुढे कुणी गेलेलं असताना पिस्तुलाला हात न लावणं, ‘लोड’चा हुकूम येईपर्यंत छर्रा न भरणं, हे नियमही याच वर्गातले. त्यांत ओळख-पाळख, वय, अनुभव काहीही बघायचं नसतं. तीस वर्षं खेळलेल्या माणसालाही रेंज ऑफिसरने टोकलं पाहिजे, आणि त्याने मुकाट्याने ऐकलं पाहिजे.

कागदी टार्गेटाची गोष्ट गोव्याच्या हवामानात वेगळीच होते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, त्यातलं आतलं दहा 5 मिलिमीटरचं. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्‍याने वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसता स्पर्श केला तरी वरचा गुण. आता श्रावणातली दमट हवा. कागद ओलसर होतो, छर्‍याचं भोक गोल कापलं जाण्याऐवजी कडेने फाटतं, आणि फाटलेल्या कडेवरून नऊ की दहा, असा वाद सुरू होतो. त्यासाठीच गेज, म्हणजे भोकात घालून माप पाहायचं साधन, आहे. नऊ दिसतो की दहा असा संशय आला तर पंचाने भोकात गेज घालायचा, भिंगातून कड पाहायची आणि निकाल तिथेच टार्गेटवर लिहून सही करायची. एका भोकात गेज एकदाच घालता येतो. दुसऱ्यांदा घातला की भोक मोठं होतं आणि पुरावाच बदलतो. हा एकदाचा नियम क्लबात सर्वांत जास्त मोडला जातो. खेळाडू म्हणतो, ‘सर, परत एकदा बघा ना,’ आणि सर बघतात. आंतरराष्ट्रीय नियमात तर एका कागदावर एकच शॉट असतो. खर्च वाचवायला आपण एकावर पाच किंवा दहा मारतो, भोकं एकमेकांत मिसळतात आणि काम आणखी अवघड होतं. सरावाला हे ठीक आहे. स्पर्धेला निदान शेवटची दहा शॉटची मालिका तरी नियमाप्रमाणे घ्यावी असं मला वाटतं, कारण बरोबरी झाली की आधी आतली दहा मोजतात आणि मग शेवटच्या मालिकेपासून मागे जातात.

वेळेच्या बाबतीत टोकियोचा प्रसंग गोव्यातल्या प्रत्येक नेमबाजाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुलै 2021 मध्ये 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. दुरुस्तीत सतराएक मिनिटं गेली. वेळ वाढवून मिळाला नाही. उरलेल्या वेळात तिने साठ शॉट पुरे केले, 575 गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या दिवशी देशभर हळहळ झाली. पण घड्याळ सर्वांना सारखंच लावलं गेलं होतं, आणि 2024 मध्ये पॅरिसला त्याच मुलीने दोन कांस्यपदकं मिळवली. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ शॉटना 75 मिनिटं, कागदावर 90, त्याआधी तयारीची आणि सायटर्सची (गुण न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) 15. क्लबात सिलिंडर गळणाऱ्याला दहा मिनिटं जास्त दिली, तर जो सुटं वॉशर आणि दुसरा सिलिंडर बॅगेत घेऊन आला त्याच्या शिस्तीला आपण शून्य किंमत दिली असं होतं.

सगळं नियमपुस्तक अक्षरशः लावता येत नाही, हे मलाही मान्य आहे. टार्गेटवर 1500 लक्स (हे प्रकाशाचं माप) प्रकाश हवा. भाड्याच्या हॉलमध्ये तो मिळवायला जादा दिवे लागतात. परवानाधारक पंच पुरेसे नसतात. नवशिक्यांसाठी साठऐवजी वीस शॉटचा गट ठेवणं तर मला आवडतंच. महिलांनाही जागतिक स्पर्धेत 2018 पर्यंत चाळीसच शॉट होते, मग ते साठ झाले. म्हणजे संख्या बदलू शकते. फक्त जे बदलायचं ते स्पर्धेच्या परिपत्रकात आधी छापा. लेनवर उभं राहिल्यावर, कुणाचा चेहरा पाहून, काही बदलू नका. जकार्ताला 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतची 25 मीटर पिस्तुलात थायलंडच्या खेळाडूशी 34-34 अशी बरोबरी झाली. पहिला शूटऑफही (बरोबरी फोडण्याची जादा फेरी) बरोबरीत गेला, दुसऱ्यात ती जिंकली. बरोबरीनंतर काय करायचं हे दोघींना आधीपासून ठाऊक होतं, म्हणून निकालावर कुणी बोट ठेवलं नाही.

एक गोष्ट तर कुठल्याही क्लबाला लगेच करता येईल. गुणफलक लागल्यावर गुणांबद्दल तक्रार करायला नियमाने दहा मिनिटं असतात. आपल्याकडे प्रमुख पाहुणे थांबलेले असतात, चहा-सामोसे आलेले असतात, आणि यादी भिंतीला चिकटवल्या चिकटवल्या पदकं वाटायला सुरुवात होते. तेराव्या लेनवरच्या मुलीला आपला एक नऊ खरं तर दहा होता असं वाटत असेल तर तिने बोलायचं कधी? यादी लावली की शेजारी वेळ लिहा, तक्रारीचा कोरा कागद आणि पेन टेबलावर ठेवा, आणि पाहुण्यांना दहा मिनिटं उशिराचीच वेळ कळवा.